पाण्यातून आल्यावर अबार्थ पुंटोचा गिअर पडत नाही, गिअरबॉक्स उतरवायच्या आधी काय बघायचं

प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही समजेल. गाडी २०१६ ची फियाटची अबार्थ पुंटो, रीमॅप केलेली, म्हणजे जास्त ताकदीसाठी इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललेली, क्लच कंपनीचाच, ६२ हजार किलोमीटर. विचारणारे ताम्हिणीतून कोकणात जाऊन आलेत, येताना एका ठिकाणी साचलेल्या पाण्यातून गाडी काढली, पाणी अर्ध्या चाकापर्यंत होतं. पुढे घाट चढताना क्लच थोडा घसरल्यासारखा वाटला पण पुण्यात येईपर्यंत ठीक झाला. मग बेसमेंटमध्ये गाडी ११ दिवस उभी. आता इंजिन बंद असताना सगळे गिअर पडतात, इंजिन चालू केलं की एकही पडत नाही, रिव्हर्सला नुसतं कर्रर्र. पेडल नेहमीसारखंच लागतंय. आणि गॅरेजवाल्यानं गाडी न बघता फोनवरच क्लच सेट, फ्लायव्हील, स्लेव्ह सगळं बदलावं लागेल म्हणून सांगितलंय. फ्लायव्हील म्हणजे इंजिनच्या टोकाचं जड चाक, क्लच प्लेट त्याच्यावरच आवळली जाते, आणि स्लेव्ह म्हणजे पेडलच्या दाबानं क्लच सोडवणारा गिअरबॉक्सकडचा सिलिंडर.

थांबा. काहीही बदलायची घाई करू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यातच अर्ध निदान आहे आणि माझ्या अंदाजानं तुमची क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली आहे, बस. पण अंदाजावर गिअरबॉक्स उतरवायचा नसतो तसा अंदाजावर सोडूनही द्यायचा नसतो, म्हणून एकेक करून बघू. मी पुण्यात २० वर्षांच्या वर हेच काम करतोय, टी-जेट, म्हणजे फियाटच्या टर्बो पेट्रोल, इंजिनच्या लिनिया आणि पुंटो बऱ्याच हाताखालून गेल्यात, आणि पावसाळ्यात क्लचच्या नावाखाली जितके पैसे वाया जातात तितके दुसऱ्या कशात जाताना मी बघितले नाहीत.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. क्लच खराब झाला असं म्हणून काही होत नाही. क्लच तीन प्रकारे त्रास देतो. एक, सुटत नाही, म्हणजे पेडल दाबलं तरी इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे होत नाहीत. दोन, धरत नाही, म्हणजे घसरतो, रेस वाढते आणि गाडी तिथेच. तीन, धरताना थरथरतो, उचलताना गाडी धडधडते. तिन्हीची कारणं वेगळी, पाण्याचा तिन्हीशी संबंध वेगळा, आणि तिन्हीवर एकच औषध म्हणजे पूर्ण सेट बदला, असं सांगणारा माणूस निदान करत नाहीये. तुमचा आत्ताचा त्रास पहिला आहे, न सुटण्याचा. घाटातला त्रास दुसरा होता. दोन्हीचं मूळ एकच असू शकतं, कसं ते सांगतो.

क्लच जिथे बसतो त्या घंटेसारख्या भागाला, बेल हाउसिंगला, खाली आणि बाजूला भोकं असतात, ती मुद्दाम असतात, धूळ आणि उष्णता बाहेर जायला. म्हणजे तो डबा पाणीबंद नाही. अबार्थ आधीच साध्या पुंटोपेक्षा खाली बसवलेली, अर्ध चाक पाणी म्हणजे बेल हाउसिंगचा खालचा भाग बुडाला समजा. आत पाणी शिरलं की फिरणारं फ्लायव्हील ते सगळीकडे उडवतं, प्लेटचं लायनिंग, म्हणजे तिच्यावरचा घर्षणाचा थर, ओलं होतं आणि ओलं लायनिंग घसरतं. हे तुम्हाला घाटात जाणवलं. त्यात तुमचा रीमॅप. या इंजिनाचा कंपनीचाच टॉर्क २१२ न्यूटन मीटर आहे आणि तो २००० आरपीएमपासून मिळायला लागतो, रीमॅपनं तो आणखी वाढतो, त्यामुळे साध्या १.२ पेट्रोलमध्ये जो ओलेपणा कळलाही नसता तो तुमच्या गाडीत लगेच कळला. पुढे घर्षणाच्या उष्णतेनं लायनिंग सुकलं, घसरणं थांबलं. इथपर्यंत काही बिघडलेलं नव्हतं.

बिघडलं ते नंतर. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट, म्हणजे स्प्रिंगनं क्लच प्लेटला दाबून धरणारा भाग, दोन्हीची तोंडं बिडाची, त्यांना रंग नाही, ऑइल नाही, दमट हवेत एका रात्रीत त्यांच्यावर तांबूस पापुद्रा येतो, ब्रेक डिस्कवर पाऊस पडल्यावर सकाळी जो दिसतो तोच. गाडी रोज चालत असेल तर पहिल्या दोन चार वेळा क्लच सोडताना तो घासून जातो. पण गाडी उभी राहिली, तेही बेसमेंटमध्ये जिथे हवा हलत नाही, तर प्लेट दोन्ही बाजूंनी स्प्रिंगच्या दाबानं आवळलेली असते आणि ओल लायनिंगमध्ये अडकलेली असते. गंज धातूवरून वाढत लायनिंगच्या खरबरीत पृष्ठभागात शिरतो. ११ दिवस त्याला भरपूर झाले. आता तुम्ही पेडल दाबता तेव्हा प्रेशर प्लेट मागे सरकते, सगळं काम व्यवस्थित होतं, पण प्लेट फ्लायव्हीलला धरूनच बसलेली. म्हणून पेडल नेहमीसारखं लागतं आणि तरी गिअर पडत नाही.

आता हाच त्रास हायड्रॉलिकनंही, म्हणजे पेडलचा दाब क्लचपर्यंत नेणाऱ्या फ्लुइडच्या यंत्रणेनंही होतो, म्हणून ते आधी बाद करायचं. यासाठी पाना लागत नाही. इंजिन चालू, न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. क्लच पेडल भराभर सात आठ वेळा पूर्ण मारा आणि शेवटच्या वेळी दाबून धरून लगेच पहिला गिअर टाकून बघा. गिअर पडला, किंवा पडायला लागला, तर दोष या यंत्रणेत आहे, सिस्टीममध्ये एअर आहे नाहीतर मास्टर, म्हणजे पेडलकडचा सिलिंडर, किंवा स्लेव्हचं सील गेलंय. काहीच फरक पडला नाही तर हायड्रॉलिक बहुतेक ठीक आहे आणि अडचण बेल हाउसिंगच्या आत आहे. ही एवढी साधी टेस्ट, अर्धा मिनिट लागतं, आणि मी अशा गाड्या बघितल्यात ज्यांचा मास्टर आणि स्लेव्ह दोन्ही बदलून झाले तेव्हा कुणी ही केली नव्हती.

बोनेट उघडल्यावर फ्लुइडची बाटली पण बघा. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचचं फ्लुइड एकाच बाटलीतून जातं. लेव्हल खाली गेली असेल तर ते कुठेतरी गेलंय. पावसाळ्यात इथे एक घोळ हमखास होतो, ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट ओलं असतं आणि सगळे म्हणतात पावसाचं पाणी, बुटांचं पाणी. पांढरा टिश्यू घ्या, पेडलच्या वर जिथे मास्टरचा रॉड आत जातो तिथे पुसा, आणि कार्पेटवर दाबा. पाणी असेल तर टिश्यू नुसता ओला होईल, ब्रेक फ्लुइड असेल तर बोटांना बुळबुळीत लागेल, वाळत नाही, आणि जुनं असेल तर टिश्यूवर चहाचा डाग पडतो तसा रंग येईल. हात नंतर धुवा, आणि ते रंगावर सांडू देऊ नका, रंग उचलतो.

फ्लुइड शेवटचं कधी बदललं? हे विचारतोय कारण ब्रेक फ्लुइड हवेतली ओल पितं, आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात तर फारच. नव्या डॉट ४ फ्लुइडचा उकळबिंदू किमान २३० अंश लागतो, आणि तेच पाणी पिऊन ओलं झाल्यावर किमान १५५ धरलेला असतो. घाटात हाफ क्लचवर ट्रॅफिकमध्ये अडकलात आणि टर्बोची उष्णता शेजारी, मग पेडल मऊ होणं साहजिक आहे. दर दोन वर्षांनी बदला. तुमच्या आत्ताच्या त्रासाचं हे कारण वाटत नाही, पण रीमॅप केलेल्या गाडीत हे सोडून चालत नाही.

पंपिंगनं फरक पडला नाही असं धरून पुढे जातो. आता चिकटलेली प्लेट सोडवायची. आणि इथे सगळ्यात महत्त्वाची सूचना, हे वाचल्याशिवाय पुढचं काही करू नका. एअर फिल्टरचा डबा उघडून फिल्टर हातात घेऊन बघा, ओला, चिखल लागलेला, फुगलेला असेल तर इथेच थांबा. ऑइलची डिपस्टिक काढून बघा, ऑइल दुधाळ असेल तर थांबा. तुमचं इंजिन चालू होतंय म्हणजे सिलिंडरमध्ये पाणी नाही हे बरंच खरं आहे, पण हे उत्तर वाचून दुसरा कुणीतरी पाण्यात बंद पडलेल्या गाडीवर हा प्रयोग करेल आणि कनेक्टिंग रॉड वाकवून बसेल, त्याच्यासाठी लिहितोय. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारायचाच नाही, टो करून न्यायची.

सगळं कोरडं असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून बेसमेंटच्या बाहेर काढा. बेसमेंटमध्ये अर्धा तास इंजिन चालू ठेवायचं नाही, सायलेन्सरच्या धुरातला विषारी वायू तिथेच साठतो, ही गोष्ट हलक्यात घेऊ नका. बाहेर मोकळ्यावर न्यूट्रलमध्ये इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, रेडिएटरचा फॅन एक दोनदा लागेपर्यंत. ती उष्णता हळूहळू बेल हाउसिंगमध्ये उतरते, आतली ओल सुकते, आणि कधीकधी नुसत्या एवढ्यानंच प्लेट सुटते. इंजिन बंद करून वीस मिनिटं तसंच सोडा, मग परत चालू करून गिअर टाकून बघा.

नाही सुटली तर इंजिन बंद, तिसरा गिअर, क्लच तळापर्यंत, फूट ब्रेक सगळ्या ताकदीनं, हँडब्रेक पण. गाडीच्या पुढे मागे कुणी उभं नको, समोर भिंत नको. सेल्फ दोन सेकंद मारा आणि सोडा. प्लेट सुटली तर इंजिन नेहमीसारखं फिरून चालू होतं, नाही सुटली तर सेल्फ जागेवरच अडकतो आणि गाडी पुढे झोंबते. असं तीन चार वेळा, मध्ये मिनिटभर थांबून. त्याच्यापुढे हट्ट करू नका, सेल्फ मोटर जळेल आणि मग क्लचबरोबर तिचाही खर्च.

तरी नाही सुटली तर शेवटचा उपाय, पण यासाठी खरंच मोकळं मैदान पाहिजे आणि हात बसलेला ड्रायव्हर पाहिजे. गरम इंजिन बंद करून पहिल्या गिअरमध्ये सेल्फ मारायचा, गाडी हिसका देऊन चालू लागते, क्लच पेडल दाबूनच ठेवायचं आणि ॲक्सिलरेटर दाबायचा सोडायचा, दाबायचा सोडायचा. प्रत्येक वेळी प्लेटवर उलटसुलट पीळ बसतो आणि एकदम ‘टक्’ होऊन इंजिन मोकळं फिरतं. थांबवायचं झालं तर चावी एक घर मागे, पूर्ण काढायची नाही, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. सोसायटीच्या आवारात हे करायचं नाही, लहान मुलं असतात. आणि पुढची चाकं जॅकवर उचलून गिअरमध्ये पळवायची आणि एकदम ब्रेक मारायचा, असं कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा, जॅकवरून गाडी पडलेली मी डोळ्यानं बघितली आहे.

सुटल्यावर लगेच खूश होऊन एक्सप्रेसवेला जाऊ नका. रिकाम्या रस्त्यावर पहिल्या दुसऱ्या गिअरमध्ये आठ दहा वेळा हलक्या रेसवर थोडा हाफ क्लच देत गाडी उचला, जळका वास यायच्या आत थांबा, गार होऊ द्या, परत करा. यानं दोन्ही तोंडांवरचा गंज घासून निघतो. या वेळी गाडी थरथरणार, ते चालतं. दोन तीन दिवसांत थरथर कमी होत गेली तर विषय संपला. पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन तीन उचलीला गाडी थोडी धडधडते आणि मग नाहीशी होते, हा दोष नाहीच, त्याच्यासाठी कुणी क्लच बदलायला सांगितला तर तिथून गाडी काढा. गरम झाल्यावरही थरथर राहिली तर मात्र बघावं लागेल, आणि तेव्हाही आधी इंजिनचे माउंट बघा, विशेषतः खालचा टॉर्क माउंट, त्याचं रबर फाटलेलं असतं आणि शिव्या क्लचला बसतात.

मग धरण्याची टेस्ट. पूर्ण सुकल्यावर, मोकळ्या सरळ रस्त्यावर, चौथ्या गिअरमध्ये २००० आरपीएमला चालत असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमची सुई आणि स्पीड बरोबर चढले तर उत्तम. सुई एकदम ३००० च्या पुढे उडाली आणि स्पीड मागे राहिला तर क्लच घसरतोय, आणि कोरडा असूनही घसरतोय याचा अर्थ झिजलाय किंवा त्यावर ऑइल आलंय. ६२ हजारला रीमॅपवर झिजलेला असणं अगदी शक्य आहे, ते खरं दुखणं असेल तर सेट बदलावाच लागेल, पण तेव्हा तुम्हाला का बदलतोय ते माहीत असेल.

ऑइलचं ओळखायचं कसं? बेल हाउसिंगच्या तळाच्या भोकाखाली बोट फिरवा. तपकिरी गंजाचं पाणी आलं तर पाणीच होतं. तेलकट असेल तर वास घ्या, गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, एकदा घेतला की विसरत नाही, इंजिन ऑइलला नसतो. गिअर ऑइल असेल तर इनपुट शाफ्टचं, म्हणजे क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचं सील, इंजिन ऑइल असेल तर क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचं मागचं सील. टर्बो गाडीत ब्रीदर, म्हणजे आतला दाब बाहेर सोडणारी नळी, तुंबला की क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि तोच सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो, त्यामुळे सील बदलताना ब्रीदर साफ केला नाही तर वर्षभरात परत तेच.

आतलं बघायचंच असेल तर गिअरबॉक्स खाली घ्यायची गरज नाही. सेल्फ मोटर काढली की तिथून आत बघता येतं, मोबाइलला जोडायचा बारीक केबलचा कॅमेरा आता स्वस्तात मिळतो, तो आत घाला. काय बघायचं? प्लेटच्या कडेला तांबूस रेघ, फ्लायव्हीलच्या दात्यांवर गंज, आणि तळाला काय साठलंय ते. मागे एक लिनिया टी-जेट आली होती, सिंहगड रोडच्या पुरात सापडलेली, २०२४ च्या २५ जुलैचा तो पूर, एकता नगरीत घरांत पाणी शिरलं होतं तेव्हाचा. आधी एका ठिकाणी तिचा स्लेव्ह आणि मास्टर बदलून झाले होते आणि क्लच तसाच न सुटणारा. कॅमेऱ्यात बघितलं तर तळाला काळा गाळ, लायनिंगची भुकटी आणि नदीचा चिखल एकत्र होऊन शाडूच्या मातीसारखा घट्ट झालेला. तिचा गिअरबॉक्स आम्ही उतरवला. फ्लायव्हीलवर प्लेटचा छाप उठला होता, रिव्हेटच्या जागांसकट, नाण्याचा कागदावर उठतो तसा. रिलीज बेअरिंगचं, म्हणजे पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलणाऱ्या बेअरिंगचं ग्रीस धुऊन गेलेलं, हातात फिरवलं तर वाळू दळल्यासारखा आवाज. इथे सेट बदलणंच बरोबर होतं. नुसतं पाणी आणि चिखलाचं पाणी यात एवढा फरक आहे, तुमचं पाणी कुठलं होतं ते आठवून बघा. रस्त्यावरचं पावसाचं असेल तर आशा चांगली आहे, शेतातलं गढूळ असेल तर कॅमेरा घालूनच बघा.

प्लेट सुटूनही आठवड्यानं परत गिअर जड जायला लागले तर इनपुट शाफ्टच्या आट्यांवर, म्हणजे स्प्लाइनवर, गंज आहे. पेडल दाबल्यावर प्लेट त्या आट्यांवर जेमतेम मिलिमीटरभर सरकायची असते, तेवढीही सरकली नाही की ती फ्लायव्हीलला घासत राहते. हे ओळखायला सपाट जागेवर इंजिन चालू ठेवा, क्लच दाबा, पाच दहा सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअरचे वेग जुळवणारी रिंग, नसतो त्यामुळे तो खोटं बोलत नाही, कर्र वाजला म्हणजे आतलं अजून फिरतंय. याला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, पण प्लेट चांगली असेल तर आट्या ब्रशनं साफ करून योग्य ग्रीसचं बोट फिरवायचं आणि मग कापडानं पुसून काढायचं, पुसल्यावर जे राहतं तेवढंच ग्रीस पाहिजे. जास्त झालं की फिरताना उडून लायनिंगवर जातं आणि मग क्लच घसरायला लागतो. नव्या प्लेटच्या हबला निकेलचा चकचकीत मुलामा असेल तर ग्रीस अजिबात नाही.

आवाजाचंही एक सांगून ठेवतो. पेडल दाबल्यावर चिर्रर्र आवाज येतो आणि सोडल्यावर जातो, तर रिलीज बेअरिंग. उलट न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना गुरगुर आणि दाबल्यावर बंद, तर गिअरबॉक्सचं इनपुट शाफ्टचं बेअरिंग. दुसरा आवाज असेल तर गिअर ऑइल लगेच बघा. गरम गिअरबॉक्स थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी आत ओढलं जातं. फिलर प्लग उघडून करंगळी बुडवा, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्याच दिवशी बदला, आणि शे-दोनशे किलोमीटर चालवून परत एकदा बदला. हे तुमच्या गाडीत क्लच ठीक झाला तरी करा, अर्ध्या तासाचं काम आहे आणि फियाटनं इथे गाड्या विकणं बंद केल्यावर गिअरबॉक्सचे पार्ट शोधणं किती जिवावर येतं ते तुम्हाला माहीत असेल. रांजणगावला बनलेली गाडी आणि तिचे पार्ट पुण्यात शोधत फिरावं लागतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ऑटोमॅटिकवाल्यांसाठी एकच ओळ, कारण दरवेळी कुणीतरी विचारतं. ऑक्टाव्हिया आरएस २३० च्या सहा गिअरच्या डीएसजीत, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये, ओला क्लच आहे, म्हणजे तो ऑइलमध्ये बुडालेला असतो, पावसाशी त्याचा संबंध नाही आणि तो असा चिकटत नाही. पोलो जीटी टीएसआयच्या सात गिअरच्या डीएसजीत कोरडे क्लच आहेत, पण तिथे वरचे प्रयोग करायचे नाहीत, स्कॅनर लावूनच बघायचं.

पुढच्या वेळी पाण्यातून जावंच लागलं तर पहिला गिअर, एकसारखी रेस, क्लच पूर्ण सोडलेला, मध्ये थांबायचं नाही आणि हाफ क्लच तर नाहीच. बाहेर आल्यावर ब्रेक सुकवता तसा क्लचही दोन तीन हलक्या उचलींनी सुकवा, आणि घरी येऊन गाडी लगेच आठवडाभर लावून ठेवू नका, दुसऱ्या दिवशी पाच दहा किलोमीटर फिरवा. परदेशात जुन्या गाड्या थंडीत ठेवताना काही जण लाकडाच्या दांडक्यानं पेडल दाबून ठेवतात, तुमच्या हायड्रॉलिक क्लचला ते मी सांगणार नाही, सील महिनाभर दाबाखाली राहतात. त्यापेक्षा घरच्या कुणाला तरी सांगून दर तीन चार दिवसांनी गाडी हलवा.

आधी पंपिंग करा, मग एअर फिल्टर बघा, आणि फ्लुइडच्या बाटलीचा फोटो दिवसाच्या उजेडात काढून ठेवा. पंप केल्यावर गिअर पडला की नाही तेवढं कळवा, पुढचं त्यावर सांगतो, तोपर्यंत गॅरेजवाल्याला होकार देऊ नका.